धारावीत काम सुरू करताना

प्रिय मुली,

धारावीतल्या मानसिक आरोग्याच्या कामाचं नक्की झालं हे वाचून फार बरं वाटलं. मानसोपचाराची पदवी नसताना लोकांच्या घरी जाऊन मी काय देणार, असं तू विचारलं आहेस. ही शंका मनात ठेवून वस्तीत गेलीस तर प्रत्येक दारात अडखळशील, म्हणून आधी तिचंच बोलते. गोव्यात ‘संगत’ संस्थेने वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून आरोग्य केंद्रांत समुपदेशनाला बसवलं होतं, पाठीशी डॉक्टर होते. त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सरकारी केंद्रांत नैराश्य आणि चिंतेच्या आजारातून सावरणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक दिसला नाही. म्हणजे तुझ्यासारखीच्या हातून काम होतं, पण तिच्यामागे डॉक्टर आणि नीट चालणारी व्यवस्था लागते. मागे कोण उभं आहे, हे संस्थेला पहिल्याच दिवशी विचार.

आता धारावीचं. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेली घरं, त्यापलीकडे तमिळ वस्त्या, जरीकाम करणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कारागीर, कोकणातून आलेली मराठी कुटुंबं, आणि या सगळ्यांच्या आधीपासूनचा कोळीवाडा. कुठल्याही घरी गेलीस की आजाराचं नाव शोधायच्या आधी एक गोष्ट शोध: या घरात ठरवतं कोण? ओपीडीत पेशंटसोबत येतो तो बहुतेक वेळा ठरवणारा नसतो. नवरा केसपेपर घेऊन येतो, मान डोलावतो, आणि संध्याकाळी गावाकडून वडिलांचा फोन येतो की या गोळ्यांची सवय लागते, बंद करा. झालं, उपचार तिथेच थांबला. म्हणून घरच्यांच्या आणि पेशंटच्या संमतीने त्या वडिलांशी तूच फोनवर बोल. आजार काय आहे, गोळी किती दिवस लागेल, अचानक थांबवली तर काय होतं, हे शांतपणे सांग आणि त्यांचीही भीती ऐकून घे. त्यांना काहीतरी काम दे: रोज रात्री फोन करून ‘गोळी घेतली का’ एवढं विचारायला सांग. विरोध करणारा माणूस जबाबदारी मिळाली की पुष्कळदा सोबत येतो. पण कोणत्या समाजात कोण ठरवतं याचे ठोकताळे करू नकोस. एकाच चाळीतल्या दोन घरांत उत्तर वेगळं निघतं.

एप्रिल-मे महिन्यात अर्धी गल्ली मुलुखाला जाते. निघण्याआधी पुरेशी औषधं, केसपेपरची प्रत आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासासाठी फोनवर सल्ला देणाऱ्या सेवेचा, क्रमांक हातात दे. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, वीस भाषांत बोलते, फोन मोफत आहे. रमजानही असाच आधी आठवायचा. रोजे ठेवायचे असतील तर गोळ्यांच्या वेळा महिना सुरू होण्यापूर्वी डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या. लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर हे अजिबात टाळू नकोस, कारण अंगातलं पाणी कमी झालं की त्याची रक्तातली पातळी धोक्याची होऊ शकते. रोजा सोडा असं आपण सांगायचं नाही. डॉक्टरांपुढे दोघांनी मिळून प्रश्न मांडायचा.

भाषेबाबत मी कडक आहे. आईला फक्त तमिळ येतं आणि शाळेत जाणारी मुलगी हिंदी बोलते, म्हणून त्या मुलीला मध्ये बसवू नकोस. आईने ‘जीव नकोसा झालाय’ म्हटलं तर ते वाक्य त्या लेकराच्या तोंडून यायला हवं का? शेजारीणही नको, उद्या नळावर सगळ्यांना कळेल. त्याच भाषेची, पण दुसऱ्या गल्लीतली बाई शोध, तिला गुप्तता शिकव आणि तिच्या वेळेचे पैसे संस्थेकडून मिळतील असं पाहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात, समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क आहे. आपण कुणावर मेहरबानी करत नाही.

आत्महत्येबद्दल स्पष्ट विचार. विचारल्याने तो विचार मनात येत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. त्याच कायद्याचं कलम ११५ प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानतं आणि तिची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं, हे त्यांना सांग.

माहीमचा दर्गा, तिथल्या चर्चमधली बुधवारची नोव्हेना प्रार्थना, गावचा भगत, यांच्याशी भांडू नकोस. तिथे जाऊन आईला बरं वाटत असेल तर जाऊ दे. गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुआ एकत्र चालवण्याचा प्रयोग झालेला आहे. माझी हद्द एकच: औषध थांबता कामा नये आणि माणूस बांधला जाता कामा नये. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या निवाऱ्याला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली २८ माणसं गेली. आज साखळीने बांधणं कायद्याने बंद आहे. कुणी बांधलेलं दिसलं तर त्याच दिवशी वरिष्ठांना कळव.

कुटुंबाला धरून काम कर असं मी म्हणते, पण घर नेहमी बरोबर असतं असं नाही. ‘हिचं डोकं फिरलंय’ असं नवरा सांगत असेल तर तिच्याशी एकटीशी बोल, तो बाहेर जाईपर्यंत थांब. झोप नाही, हातपाय कापतात, याच्यामागे मारहाण निघते. अशा वेळी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातलं, हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीचं ‘दिलासा’ केंद्र लक्षात ठेव. पालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ते सुरू केलं आणि पुढे पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं उघडली.

आणि सांभाळणारी बाई विसरू नकोस. मुलाच्या आजारात कित्येक वर्षं धड न झोपलेल्या आईला ‘तुम्ही जेवलात का’ असं कुणी विचारत नाही. तिला आठवड्यातून दोन तास मोकळे मिळतील अशी व्यवस्था मावशी, जाऊ, शेजारीण यांच्यात बसून लावून दे. माझ्या मते ही मदत गोळीइतकीच मोलाची आहे.

कागदपत्रांना लवकर हात घाल. दीर्घकाळच्या मानसिक आजारासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळू शकतं, पण संजय गांधी निराधार योजनेला महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांच्या रहिवासाचा पुरावा लागतो आणि परप्रांतीय घरं इथेच अडकतात. जुनं रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, वीजबिलं, जे असेल ते आतापासून एका पिशवीत जमवायला सांग. पहिल्या पाच घरांना भेटून झालं की मला लिही. प्रत्येक घरात ठरवणारं कोण निघालं ते आधी कळव.

तुझी,
ताई