भाडे कंटेनरचे नको, चटईचे काढा

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमचा प्लास्टिक चटईचा कारखाना आहे. केनियातील मोंबासा बंदराला माल पाठवायचा आहे. एका एजंटाने २० फुटी कंटेनरचा दर दिला, दुसऱ्याने ४० फुटी हायक्यूबचा (नेहमीपेक्षा उंच कंटेनर). पहिला स्वस्त दिसतो. तुलना कशी करावी?

उत्तर : एका चटईवर किती भाडे पडते ते काढा. चटई हलकी, पण जागा खाणारी. वजनाची मर्यादा येण्याआधीच कंटेनर भरतो.

समजा, २५ चटयांचा गठ्ठा ११५ × ४५ × ४५ सेंमीचा आहे. २० फुटी कंटेनर आतून साधारण ५.८९ मीटर लांब, २.३५ रुंद, २.३९ उंच. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे ५ गठ्ठे बसतात : १२५ गठ्ठे, ३,१२५ चटया. कारखान्यापासून मोंबासापर्यंत १,४०,००० रुपये धरले (आकडा नमुन्याचा), तर चटईमागे ४४.८० रुपये. हायक्यूबची लांबी १२.०३ मीटर, म्हणून २५० गठ्ठे. त्याला २,००,००० लागले तरी चटईमागे ३२ रुपयेच.

खरी बचत पुढे आहे. हायक्यूब आतून २.६९ मीटर उंच. पाच थरांवर ४४ सेंमी पोकळी उरते आणि गठ्ठा ४५ चा! एका सेंटीमीटरपायी ५० गठ्ठे मागे राहतात. ४४ चा केला तरी भागत नाही, कारण दार २.५८ मीटरच उंच असते आणि दाराजवळची वरची रांग अडते. गठ्ठा ४२ वर आणा. सहा थर २.५२ मीटरमध्ये बसतात, ७,५०० चटया जातात आणि खर्च २६.६७ वर येतो. पट्टी मारल्यावर लगेच मोजू नका. चटई फुगते, दुसऱ्या दिवशी मोजा. फार आवळलेल्या चटईवर कंटेनरच्या उष्णतेत कायमच्या वळ्या पडतात, म्हणून आधी दोन-चार गठ्ठे दाबून, आठवडाभर उन्हात ठेवून बघा.

दोन्ही दरांत तेच खर्च धरलेत का, हेही लेखी विचारा. रिकामा कंटेनर न्हावा शेव्याकडून आला तर ट्रेलरचे भाडे जाऊन-येऊन द्यावे लागते. भुसावळहून रेल्वेचा दरही मागवा. बंदर हाताळणी, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), सील, व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन), कस्टम क्लिअरन्स हे स्वस्त दरातून हमखास गाळलेले असतात. मोंबासाला कंटेनर किती दिवस मोफत ठेवता येईल, तेही त्याच कागदावर घ्या.