कॉर्कला येताय, तर खाण्याबद्दल

ताई, नवऱ्याला इथे आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये नोकरी, मुलगी सहा वर्षांची, तिघंही शाकाहारी. रोजच्या खाण्याचं जमेल का, असं तुम्ही विचारलंत. परमिट-व्हिसाचं सरकारी संकेतस्थळांवर सगळं आहे, ते सोडते. एवढंच सांगते, बँक खात्याला पत्त्याचा पुरावा म्हणून विजेचं बिल मागतात आणि बिल नावावर करायला बँक खातं. त्या चक्रात मी एकदा काउंटरवरच रडले होते. असो.

खाण्याचं जमेल. दूध-लोणी तर फारच छान. तूप आणि पेढे भारतातून आणू नका, युरोपीय संघाबाहेरचे दुधाचे पदार्थ सामानात चालत नाहीत. इथलं बिनमिठाचं लोणी कढवा, रवाळ तूप होतं. बटाट्यांत लाल सालीचा ‘रूस्टर’ घ्या. पिठूळ असतो, वड्याच्या सारणाला उत्तम. इथली माणसं एकाच ताटात मॅश, भाजलेले बटाटे आणि वर चिप्सही (म्हणजे फ्रेंच फ्राइज) घेतात. रविवारी पबातल्या कार्व्हरीत, म्हणजे काउंटरवर ताट वाढून देतात त्या जेवणात, बघालच. सोडा ब्रेड घरी करायला शिका. इथल्या गव्हाला चिवटपणा कमी, यीस्टने नीट फुगत नाही, म्हणून ताक आणि खायचा सोडा घालतात. मळायची कटकट नाही. बाहेर सूप आणि ब्राऊन ब्रेड मिळतो, पण भाज्यांच्या सूपातही कोंबडीचा स्टॉक असू शकतो, तेव्हा विचारूनच घ्या. दुकानातल्या तयार खाण्याच्या ‘डेली’ काउंटरवर दुपारी सगळी रांग चिकन फिलेट रोलची. चहा कडक असतो. ‘बॅरीज’ कॉर्कचाच, आलं ठेचून उकळला की आपला.

आता शाळा. डबा वर्गातच, बाकावर बसून, दहा मिनिटांत संपवायचा. आणि बऱ्याच शाळांत शेंगदाण्याला बंदी. सुरुवातीलाच एका चतुर्थीला मुलाला साबुदाण्याची खिचडी दिली. डबा न उघडता परत, पोरगं उपाशी, सोबत चिठ्ठी. कुणाच्या जिवाचा प्रश्न असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं, सँडविचसारखं काही साधं देत जा. साधं! आमच्याकडे खिचडीहून साधं काय असतं हो? इतकी वर्षं झाली, ती चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्ये आहे. नवरा म्हणतो फेक, मी फेकत नाही.

एकटेपणा वाटतो का, हेही विचारलंयत. नोव्हेंबरात वाटतो. साडेचारला अंधार पडतो. एप्रिलपर्यंत जातो. त्यावर जास्त विचार करू नका.

मला खरं टोचतं ते वेगळंच. मुलगा आता वरणभातावर नाक मुरडतो. लोणी लावलेल्या पांढऱ्या पावात ‘टेटो’चे चीज-अनियन वेफर्स दाबून सँडविच करतो, इथली सगळी पोरं करतात तसंच. मी ओरडते. आणि तो झोपला की ओट्याशी उभी राहून मीही एक खाते. चांगलं लागतं, हे घरात अजून कबूल केलेलं नाही.

तर प्रवेश घेताना डब्याचे नियम लेखी मागून घ्या, आणि शाळेत गरम जेवणाची योजना सुरू आहे का, तिच्यात शाकाहारी पर्याय कोणते, तेही विचारा. कूट जरूर आणा, घरी लागेलच. कुकरच्या जादा रिंगाही आणा, आपल्या मापाच्या इथे चटकन मिळत नाहीत.