युरोचं कार्ड आणि महाबळेश्वरचं डिपॉझिट

तुम्ही लिहिलंय, बिटकॉइन विकून बिल चुकवणाऱ्या तुमच्या कार्डावर 'वार्षिक फी शून्य' आहे, तरी पार्ल्यात १,००० रुपयांचं सामान घेतलं की १,०५०च्या आसपासचं बिटकॉइन उडतं, आणि हे सामान्य माणसाला न्याय्य आहे का. वाचून माझंच जुनं स्टेटमेंट डोळ्यांपुढे आलं. जर्मनीत प्रोजेक्टवर असताना काढलेलं युरोचं क्रिप्टो डेबिट कार्ड मी मुलुंडला परतल्यावरही हौसेनं घासत होतो.

ते ५० रुपये तीन ठिकाणी गळतात: बिटकॉइन विकतानाच्या दरातला फरक, कन्व्हर्जन फी (बदलून द्यायची फी), आणि युरोचे रुपये करतानाचं मार्कअप, म्हणजे दरावर चढवलेली वरकड. दुकानदाराच्या हाती रुपयेच पडतात. हे तुम्हाला ठाऊक असणारच.

पण मला फीनं नाही बुडवलं. फेब्रुवारी २०२४च्या सुरुवातीला महाबळेश्वरला गेलो. हॉटेलवाल्यानं २०,००० डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडवली. "साहेब, कापत नाही, फक्त ब्लॉक करतोय." त्याच्या दृष्टीनं खरंच होतं ते. माझ्या कार्डानं मात्र तेवढं बिटकॉइन त्याच क्षणी विकून टाकलं. तेव्हा भाव ४३,००० डॉलरच्या घरात होता. रक्कम सुटली महिनाअखेरीस, तेव्हा भाव ६०,०००च्या पुढे. परत काय आलं? युरो! पुन्हा बिटकॉइन घ्यायचं तर परत फी. चॅटवर तीन दिवस भांडलो. दर वेळी नवा माणूस, दर वेळी "अटींमधलं अमुक कलम वाचा". ज्या व्यवहारात एक रुपयाही खर्च झाला नाही, त्यात सात-आठ हजारांचा चुना लागला.

शिवाय टॅक्स. मी सीए नाही, तुमच्या सीएला विचाराच. पण आपल्याकडे १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, वर सेस (करावरचा कर), म्हणजे ३१.२ टक्के. कार्ड घासणं म्हणजे क्रिप्टो विकणंच. ४०० रुपयांना घेतलेलं बिटकॉइन १,०००च्या किराण्यात गेलं, तर ६००वर १८७ रुपये कर. एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि खरेदीची किंमत सोडून बाकी काहीच वजा होत नाही, म्हणजे कार्डाची फीसुद्धा नाही. रिटर्नमध्ये प्रत्येक व्यवहार वेगळा दाखवायचा. माझ्या सीएनं १४३ नोंदी पाहून चष्मा काढून ठेवला. त्यातल्या निम्म्या चहा-सँडविचच्या.

तर न्याय्य का? माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या: बदलून द्यायची फी घ्यावी, तो धंदा आहे. पण फीमाफी कोणाला? कंपनीचं टोकन, म्हणजे तिचं स्वतःचं क्रिप्टो नाणं, महिनोन्महिने अडकवून ठेवणाऱ्याला. म्हणजे ज्याच्याकडे आहे त्याला सूट, आणि महिन्याला चार हजार खर्चणाऱ्यानं पूर्ण भरायचं. कॅशबॅकच्या भरवशावर तर राहूच नका. मे २०२२मध्ये क्रिप्टो डॉट कॉम या असली कार्डं देणाऱ्या कंपनीनं कार्डावरचे रिवॉर्ड कापायचं जाहीर केलं आणि त्यांचं टोकनही आपटलं. इथे भाजीवाला यूपीआय घेतो, तेही फुकट. मुंबईत हे कार्ड बाळगण्यात मला आता काडीचा अर्थ दिसत नाही.

वापरायचंच असेल तर आधी बिटकॉइन स्टेबलकॉइनमध्ये (डॉलर-युरोसारख्या चलनाशी भाव बांधलेलं क्रिप्टो) बदलून ठेवा आणि हॉटेल, भाड्याची गाडी असल्या ठिकाणी साधं बँकेचं कार्ड द्या. जाता जाता: मशीननं "युरो की रुपये?" विचारलं तर रुपयेच निवडा, युरोचा दर मशीनवाला स्वतःचा लावतो. आणि कार्ड बंद करण्याआधी सगळी हिस्टरी डाउनलोड करा. मी केली नव्हती, नंतर ती मिळवायला दोन महिने लागले.

माझ्या त्या बंद कार्डाच्या खात्यात अजून साडेतीन युरो पडून आहेत. काढायची किमान रक्कम दहा युरो आहे.