समुपदेशकालाच विचारा, तुमच्या पाठीशी कोण आहे?

ताई, तुम्ही कर्नाटकातल्या खानापूरहून लिहिलंय की पंधरा वर्षांचा मुलगा चोऱ्या करतो, शाळा बुडवतो, हाणामाऱ्या करतो. वर्षभरात तिसरा समुपदेशक आला, मग घरी येऊन समुपदेशन करण्याची ही पद्धतच कुचकामी आहे का? मला तसं वाटत नाही. पद्धत तुमच्या घरापर्यंत पोचलीच नसावी.

अशा मुलांसाठी अमेरिकेत स्कॉट हेंगेलर यांनी मल्टिसिस्टेमिक थेरपी, म्हणजे मुलाबरोबरच घर, शाळा, मित्र यांनाही धरून काम करणारी पद्धत, उभी केली. एका समुपदेशकाकडे चार-सहाच घरं, तीन ते पाच महिने, अडचणीत रात्रीही फोन. तो पद्धतीला धरून चालतोय का, हे दरमहा पालकांना विचारतात, त्याला नाही. १९९७ च्या त्यांच्या अभ्यासात तज्ज्ञांची साप्ताहिक देखरेख काढून घेतली, तेव्हा परिणाम फिका पडला. पण पद्धत नीट पाळली गेली तिथे मुलं सुधारली. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात ३२ सरकारी बालसेवा कार्यालयांतल्या २५० मुलांचा वेगळा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. जिथे कर्मचाऱ्यांसाठी वातावरण चांगलं, तिथली मुलं जास्त सावरली.

हे मी निपाणीकडे डोळ्यांनी पाहिलंय. घरात आई सुपात पानं घेऊन विड्या वळत होती, बोलतानाही हात थांबत नव्हता. आमच्या फॉर्मवर ‘वडिलांशी चर्चा झाली’ यापुढे खूण होती. मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, “मॅडम दुपारी येतात. ह्यांचं तोंड आम्हालाच रात्री दिसतं.” त्या समुपदेशक मुलीकडे एकतीस घरं होती, पगार दोन महिने थकलेला, आणि बैठकीत फक्त फॉर्म किती भरले एवढीच विचारणा. खोटी खूण तिनं भीतीपोटी केली. खाली देखरेखीची सही माझी होती. ते अजून टोचतं. पुढे घरं कमी केली, दर शनिवारी एकेका घरावर तासभर बोलू लागलो, तेव्हा ती संध्याकाळी जाऊन वडिलांना भेटली.

म्हणून नव्या समुपदेशकाला सरळ विचारा: तुमच्याकडे घरं किती? दर आठवड्याला तुमच्याशी कोण बसतं? आधीच्यांच्या नोंदी मिळाल्या का? मिळाल्या नसतील तर काय झालं, कशाचा उपयोग झाला, ते एका पानावर मराठीत लिहून द्या. मुलाला तिसऱ्यांदा पहिल्यापासून सगळं सांगायला लावू नका. आजी घरात असतील तर त्यांच्याशी मराठीतच बोलणारं माणूस मागा, त्यात संकोच नको. आणि पहिली भेट मुलाचे बाबा घरी असतील त्या वेळेचीच ठरवा.