लाल चहा, काळा चहा आणि कोरा चहा

प्रश्न असा आहे: सिंगापूरहून आलेल्या चहाच्या डब्यावर इंग्रजीत ‘ब्लॅक टी’ छापलंय, पण चिनी अक्षरांचा अर्थ ‘लाल चहा’ होतो. यातलं बरोबर कोणतं? आणि मराठीत त्याला ‘कोरा चहा’ म्हणावं का?

आधी ‘कोरा’ निकालात काढू. कोरा कागद, कोरं कापड, तसा कोरा चहा, म्हणजे दुधाचा हात न लागलेला. हा शब्द कपाबद्दल सांगतो, पानाबद्दल काहीच नाही. तिबेटी, मंगोल असे काही चहा सोडले तर चीनमध्ये परंपरेने चहा बिनदुधाचाच पितात. तिथे सगळेच चहा कोरे, मग या शब्दाने वेगळं काय दाखवणार?

उरले लाल आणि काळा. दोन्ही बरोबर आहेत, फक्त पाहण्याची जागा वेगळी. इंग्रजीने वाळलेलं पान पाहिलं, चिनीने पेल्यातलं पाणी. चिनीत हा ‘होंगछा’. होंग म्हणजे लाल, छा म्हणजे चहा. फुजियान प्रांतातल्या वूई डोंगरातला, पाईनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला लापसांग सूचाँग हा लालच, आणि आन्हुई प्रांतातला कीमुनही लालच.

घोळ पुढे आहे. चिनीत ‘काळा चहा’सुद्धा आहे, हेइछा, आणि तो अगदी निराळा. युन्नानचा पिकवलेला पु-अर, हुनानमधल्या आन्हुआच्या चहाच्या विटा, ग्वांगशीचा ल्यूबाओ हे त्यातले. म्हणजे ‘ब्लॅक टी’चं डोळे झाकून ‘काळा चहा’ केलं आणि ती चिठ्ठी चिनी दुकानदाराला दिली, तर हातात भलताच चहा पडेल. माझं मत स्पष्ट आहे: चिनी चहाबद्दल लिहिताना मराठीतही लाल आणि काळा वेगळेच ठेवावेत.

मराठी लेखांत लाल चहाला सर्रास ‘आंबवलेला’ म्हणतात, तेही मला खटकतं. चिरलेलं वांगं हवेने काळं पडतं, त्याला आपण आंबलं म्हणतो का? चुरगळलेलं चहाचं पान तसंच तांबूस पडतं. हिरव्या चहात हे होऊ नये म्हणून पान लवकरच तापवतात. हांगझाऊचा लोंगजिंग तर गरम कढईत हाताने दाबत दाबत भाजतात. खरं आंबणं, जंतूंचं काम असलेलं, ते काळ्या चहात. ओलसर पानांचा ढीग लावून पु-अर झटपट पिकवायची रीत 1973 साली कुनमिंगच्या कारखान्यात बसवली गेली. चिनी लोक मात्र दोन्हींना एकच शब्द वापरतात, तेव्हा दोष एकट्या मराठीचा नाही.

(ऊलाँग म्हणजे हिरवा आणि लाल यांच्या मधला, पान अर्धवटच तांबूस पडू दिलेला चहा. नावाचा शब्दशः अर्थ ‘काळा ड्रॅगन’, तरी तो काळा चहा नव्हे. चिनी वर्गीकरणात तो ‘छिंग’, आणि या एका रंगशब्दात हिरवा, निळा, कधी काळाही बसतो. मराठीत त्याला ऊलाँगच राहू द्यावं.)

आता तो डबा. आपण चहा ‘टाकतो’ आणि उकळतो. चिनीत ‘पाओ’ करतात, म्हणजे भिजवतात. झाकणाच्या छोट्या पेल्यात, साधारण 100 मिलिलिटरला 5 ग्रॅम पत्ती, उकळीच्या जवळपासचं पाणी, आणि काही सेकंदांत ओतून घ्यायचं. त्याच पत्तीवर पुन्हा पाणी, पुन्हा थोडा अधिक वेळ. पाच-सहा वेळा सहज होतं. हिरव्याला पाणी 80 अंशांच्या आसपास पुरे, नाहीतर कडवट होतो. पिकवलेल्या पु-अरला मात्र खळखळतं पाणी, आणि पहिलं पाणी फेकून द्यायचं. मी एकदा कीमुन आलं घालून उकळला होता. आल्याचा काढा छान झाला.

तेव्हा तुमच्या डब्यातला चहा लाल. दूध घातलंत तरी तो लालच राहील, कोरा मात्र राहणार नाही.