गणित ठेवू की सोडू?

प्रश्न: मुलगी अकरावी सायन्सला आहे. गणिताची धास्ती घेतली आहे. मैत्रिणी म्हणतात, जीवशास्त्र सोड, बायफोकल कॉम्प्युटर हा व्यावसायिक विषय घे, २०० मार्क सोपे. काय करावं?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, बायफोकलने बारावीची टक्केवारी फुगते हे खरं. पण इंजिनिअरिंग-फार्मसीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, त्याचा एकही प्रश्न नसतो, आणि नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेचा क्रमांक पाहतात. मेडिकलचा विचार असेल तर जीवशास्त्र सोडूच नका; नीट प्रवेश परीक्षेच्या ७२० पैकी ३६० गुण त्याचेच. फार्मसीला गणित किंवा जीवशास्त्र, कोणतंही चालतं.

गणित सोडण्याआधी एक करा. त्रिकोणमितीची दहा उदाहरणं वेळ लावून सोडवायला द्या आणि पेन कुठे अडतो ते बघा. सूत्रापाशी अडला तर दहावीचा पाया कच्चा आहे, तो महिनाभरात भरून निघतो. आकडेमोडीत अडला तर सराव कमी. सीईटीत गणिताला ९० मिनिटांत ५० प्रश्न, म्हणजे एकाला जेमतेम १०८ सेकंद. प्रत्येकी २ गुण. त्यातले सुमारे २० टक्के अकरावीचे, आणि नेमकी अकरावीच पोरं हसण्यावारी नेतात! गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवायचे तर निदान पहिल्या सत्र परीक्षेपर्यंत ठेवा. बदल करायचाच झाला तर मुदत कधीपर्यंत, ते कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचारून घ्या.