सुरळीतली अळी आणि यास्काची अप्सरा

प्रश्न असा: भातावरची 'सुरळीतील अळी' आणि 'पाने गुंडाळणारी अळी' ही एकाच किडीची दोन नावं ना?

अजिबात नाही. दर पावसाळ्यात हा घोळ ऐकून कान किटले. पाने गुंडाळणारी अळी पान तोडत नाही. रेशमाने कडा चिकटवते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते. सुरळीतील अळी शेंडा सरळ कापते, तुकड्याची सुरळी करून आत शिरते आणि सुरळीसकट पाण्यावर तरंगत दुसऱ्या चुडाला (रोपांच्या जुडग्याला) लागते. म्हणून तर पिकावरून दोर ओढून सुरळ्या पाण्यात पाडायच्या आणि खाचराचं पाणी काढायचं, हा उपाय हिच्यावर चालतो. गुंडाळणारीला त्या पाण्याचं सोयरसुतक नाही. आणि 'सुरळी अळी' लिहिणाऱ्यांनो, 'तील' का गिळता? सगळं मर्म त्या 'तील'मध्येच आहे.

'सुरळी' कशी असते हे वड्या खाणाऱ्यांना सांगायला नको. खरी गंमत शास्त्रीय नावात. आज हिला पॅरापॉयन्क्स स्टॅग्नॅलिस म्हणतात, पण शेतकीच्या जुन्या पुस्तकांत ही निम्फ्युला डिपंक्टॅलिस. ग्रीक 'निम्फे' म्हणजे नवरी, तशीच झऱ्यातळ्यांची देवता. कमळवेलींचं 'निम्फिया' हे नाव त्यावरूनच. कमळाची पानं कातरून त्यांचंच घर करणाऱ्या युरोपातल्या पतंगाला लिनीयसने १७५८ मध्ये 'निम्फिएटा' म्हटलं, तेही यामुळेच. (तुडतुड्यांच्या पिल्लांनाही इंग्रजीत निम्फ म्हणतात. आपलं 'पिल्लू' बरं.)

आता निम्फला आपल्याकडे कोण? अप्सरा! वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारा यास्काचा प्राचीन ग्रंथ, निरुक्त, उघडा: 'अप्सरा अप्सारिणी'. अप् म्हणजे पाणी, सृ म्हणजे सरकणे. पाण्यातून सरकत जाते ती. 'अप्स म्हणजे रूप, म्हणून अप्सरा म्हणजे रूपवती' असं ठासून सांगणारे पंडित भेटतात. ती व्युत्पत्तीही यास्कानेच दिली आहे, मान्य. पण दुसऱ्या क्रमांकावर, 'अपि वा', म्हणजे 'किंवा', म्हणून. पर्यायाला सिंहासनावर कशाला बसवता? रूपावर गेलात तर रंभा-उर्वशीपाशीच अडकाल. पाणी धरलंत तर ही अळी सापडेल: अंगाच्या दोन्ही बाजूंना फाटे फुटलेले कल्ल्यांचे बारीक धागे, सुरळीत धरून ठेवलेलं पाणी आणि त्या पाण्यातच चाललेला श्वास. पुढे तिचा पांढरा, इवलासा पतंग होतो, पण 'अप्सारिणी' म्हणायचं ते अळीलाच.